काम चालू आहे

ताई, तुमच्या फोटोला सगळ्यांनी हार घातला, मी घातला नाही. हातसुद्धा जोडले नाहीत. मागं भिंतीला टेकून उभी राहिले आणि दातओठ खात ऐकत राहिले. एक गृहस्थ माईक हातात घेऊन म्हणाले, ‘ताईंनी गरिबांच्या लेकरांना खेळता खेळता संस्कार दिले.’ खेळता खेळता! तुम्ही असतात तर त्या माणसाला तिथल्या तिथं खाली बसवलं असतं. पण तुम्ही फोटोत होतात. मग मी चप्पल घातली आणि निघून आले.

लोकांना वाटलं, हिला रडू आवरेना. कसलं रडू? संताप झाला होता माझा. तुम्ही जाऊन आज पंधरवडा होत आला तरी उतरलेला नाही. त्या माणसावर थोडा आणि बाकीचा सगळा तुमच्यावर. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणेनात का. नऊ वर्षांत तुमच्याशी वाद घातल्याशिवाय माझा एक दिवस गेला नाही, आता तुम्ही चौकटीत जाऊन बसलात म्हणून मी गप्प बसू होय?

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. चेतना, माझी पोरगी, तेव्हा चार वर्षांची होती. आम्ही शिरपूरकडची माणसं, सुरतेत कोसाडच्या वसाहतीत राहायला येऊन दोनच वर्षं झालेली. चेतनाचे पप्पा पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये आणि मी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. आमच्या बिल्डिंगच्या खालच्या खोलीत तुम्ही अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग काढलात आणि दारावर ‘मॉन्टेसरी’ अशी पाटी लावलीत. शेजारच्या मंगलवहिनीला कितीतरी दिवस वाटायचं की हे तुमचं आडनाव आहे. ‘मॉन्टेसरीबेन चांगली बाई दिसस,’ म्हणायची ती. पोरांनी तुमचं नाव ‘ताईबेन’ करून टाकलं. मराठीतली ताई आणि गुजरातीतली बेन, दोन्हीचा अर्थ एकच, पण त्यांना दोन्ही पाहिजे होते.

वर्गात घालून आठवडा झाला असेल. दुपारी चेतना घरी आली ती फ्रॉक ओला करून, आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, ‘मम्मी, आज मी खूप काम करं.’ काय काम? तर पाणी ओतलं, टेबल पुसलं, फडकं धुऊन वाळत घातलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नऊ वर्षांची असताना आईबरोबर लोकांच्या घरची भांडी घासायला जायची. माझ्या पोरीच्या हातात मी फडकं येऊ देणार नाही, हे मी तिच्या जन्माआधीच ठरवून ठेवलेलं. कात्री टाकली, मंगलवहिनीला बरोबर घेतलं आणि तुमच्या दारात येऊन ओरडले, ‘मी पोरले शिकाले धाडं, कामले नही!’

तुम्ही अमरावतीकडच्या. आमची अहिराणी तुम्हाला किती कळली माहीत नाही, पण माझं तोंड बघून सगळं कळलं असणार. एक स्टूल पुढं केलंत. ‘बसा ना बाप्पा. दहा मिनिटं बघा. तोंड मात्र बंद.’

मी बसले. चेतनानं एक छोटी चटई अंथरली, दोन जग आणून ठेवले आणि एकातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लागली. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून. सांडलं. मी अर्धी उठले, तर तुमचा हात माझ्या खांद्यावर. पोरगी उठली, फडकं आणलं, पुसलं, पिळलं, आणि परत ओतायला बसली. परत सांडलं, परत पुसलं. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी एकदा थेंबही न सांडता जग भरला. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. कुणी ‘शाब्बास’ म्हणालं नाही आणि तिला ते नकोही होतं. घरी ती एक पेला धड धरत नव्हती, कारण मी धरूच देत नव्हते. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला रागच आला. ज्या बाईला झापायला आले तिच्यासमोर रडायचं म्हणजे काय!

पण तो शब्द काही मी मान्य केला नाही. ‘ताई, याला काम म्हणू नका. आमच्या घरात काम म्हणजे मशीन, काम म्हणजे धागे. काम म्हणजे बारा-बारा तास. खेळ म्हणा.’ तुम्ही म्हणालात, ‘खेळ म्हटलं की मोठी माणसं मुलाला खुशाल हाक मारतात, चल ऊठ, पुरे झालं. काम म्हटलं की थांबतात. तुझा नवरा मशीनवर असला की त्याला मधेच हाक मारतेस का?’ मग तुम्ही हट्टानं दाराबाहेर पुठ्ठ्यावर लिहून लावलंत, ‘काम चालू आहे’. येणारेजाणारे विचारायचे, ‘टाइल्स लगा रहे हो क्या?’ एक जण तर खरंच सिमेंटचा भाव सांगून गेला. तुम्ही हसत होतात आणि मी कपाळावर हात मारत होते. त्याच वर्षी मी तुमच्याकडेच मदतनीस म्हणून लागले, तुम्ही मला शिकवत गेलात, पालक मला रेखाबेन म्हणायला लागले. पण पालकांपुढं मी कधी ‘काम’ म्हणाले नाही. ‘खेळतोय तुमचा मुलगा, छान खेळतोय,’ असंच सांगायची. तुम्ही माझ्याकडे रागानं बघायचात. बघायचात तर बघायचात.

तुमचं डोकं मात्र चालायचं, हे आताही कबूल करते. खरखरीत अक्षरांचा तुमचा तो पराक्रम! पोरं घरी अहिराणी बोलणार, बाहेर गुजराती, आणि आईबापांना पाहिजे की नाव मराठीत लिहिता यावं. तुम्ही काचकागद कापून फळ्यांवर अक्षरं चिकटवलीत, ती डोक्यावरच्या रेघेशिवाय. रेघेची एक वेगळी पट्टी. ग, न, म, प यांच्यावरून दोन बोटं फिरवली की झालं गुजराती, वर पट्टी ठेवली की मराठी. पोरं म्हणायची, ‘ताईबेन, आता याला छप्पर घालू?’ शेजारच्या गुजराती आजी बघायला आल्या आणि स्वतःच बोटं फिरवत बसल्या. तुम्ही गेल्यावर त्याच आजी माझा हात धरून ‘बहु सारा बेन हता’, फार चांगल्या होत्या, एवढंच परत परत म्हणत राहिल्या. माईकवरच्या भाषणापेक्षा मला तेवढं पुरलं.

पण मी कौतुक करायला बसलेले नाही. माझा राग कशावरचा आहे ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.

चेतना सहाची झाली आणि तुमचा वर्ग संपला. अमरोलीच्या बाजूला इंग्लिश मीडियममध्ये घातली तिला. दुसऱ्याच आठवड्यात काय झालं ते मी तुम्हाला पळत येऊन सांगितलं होतं. वर्गात दुसऱ्या एका मुलीची बाटली सांडली. चेतना उठली, कोपऱ्यातलं पोतेरं आणलं आणि पुसायला लागली. न विचारता उठली म्हणून तिथल्या शिकवणाऱ्या बेननं तिला बेंचवर उभं केलं. तास संपेपर्यंत. घरी येऊन तिनं रडारड केली नाही, फक्त विचारलं, ‘मम्मी, पाणी सांडलं तर कुणी पुसायचं?’ मी काय सांगणार होते? तुम्हाला विचारते, काय सांगायला पाहिजे होतं? तुम्हीच तिला शिकवलंत की स्वतः निवडावं, स्वतः करावं, हातातलं पुरं करावं. आणि सहाव्या वर्षी तिला अशा ठिकाणी सोडून दिलंत जिथं यातल्या एकेका गोष्टीला शिक्षा आहे. जी पोरं काहीच शिकलेली नव्हती ती तिथं सुखात होती!

तुमच्याकडे उत्तर तयार होतं. तुमच्याकडे कायमच तयार असायचं. ‘मूल सगळ्या वयात एकसारखं नसतं, रेखा. सहापर्यंत ते हातांनी विचार करतं. दात पडायला लागले की ते बदलतं. मग त्याला टोळी लागते, बाहेर भटकायचं असतं, प्रत्येक गोष्टीचं ‘का’ पाहिजे असतं. त्याला जग दाखवावं लागतं, सगळंच्या सगळं. त्यांचा वर्ग वेगळा, सामान वेगळं. काढू आपण मोठ्यांचा वर्ग. थांब ना बाप्पा, पुढच्या वर्षी.’ आणि बाराच्या पुढच्यांचं काय, असं विचारलं तर डोळे चमकायचे तुमचे. ‘त्यांना बारडोलीकडे न्यायचं. कुणाचं तरी शेत बघू. त्या वयात खरं काम पाहिजे, मातीतलं, चारचौघांच्या उपयोगी पडणारं. तेव्हा कुठं कळतं आपण काय लायकीचे आहोत.’ मी खवळायचे. ‘ताई, आमचे आईबाप शेत सोडून सुरतेला आले आणि तुम्ही आमची पोरं उसात परत नेणार? पालक मला जिवंत ठेवतील का?’ तुम्ही हसायचात. ‘सोडून आले ते वेगळं. निवडून गेले ते वेगळं.’ हा वाद आपला अर्धाच राहिला. मला अजूनही वाटतं माझंच खरं होतं.

पुढचं वर्ष आलं, गेलं. परत पुढचं. चेतना सातची, आठची, दहाची झाली. ‘का’ विचारायची बंद झाली. वहीत रेघ मारून प्रश्न-उत्तरं उतरवून घ्यायची, पाठ करायची, विसरायची. आता तेराची आहे. तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात तिनं दप्तर ठेवलं आणि म्हणाली, ‘मम्मी, मी शाळेत नाही जाणार. तुझ्यासारखे धागे कापीन.’ तिच्या आवाजात राग असता तरी मला चाललं असतं, ताई. काहीच नव्हतं. तुम्हाला सांगायला म्हणून मी सकाळी लवकर खाली आले, तर खोलीला कुलूप. तुम्ही दवाखान्यात. आणि तुम्ही तिथून परत आलाच नाहीत.

ॲसिडिटी! सहा महिने तुम्ही मला ॲसिडिटी सांगितलीत. डॉक्टरांकडून आलेले कागद कपाटात सामानाच्या यादीखाली ठेवलेत. मला कशाला सांगाल? मी कोण?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते याचं की बघायला तुम्हीच मला शिकवलंत. ती वही. पहिले सहा महिने तुम्ही मला कुठल्याही मुलाला हात लावू दिला नाहीत, नुसतं कोपऱ्यात बसून लिहायला लावलंत. मी लिहिलं, ‘सोनू चिडला.’ तुम्ही खोडलंत. ‘चिडला हे तुझं मत. तू काय बघितलंस? वाटी खाली ठेवली, मूठ आवळली, खिडकीकडे गेला, असं लिही.’ तशा नऊ वर्षं मी वह्या भरल्या. कोणाचं बटण पहिल्यांदा लागलं, कोणी कोणाची चटई ओलांडली, सगळं. परवा शेवटची वही काढून बसले. मधेमधे तुम्हीही आहात. ‘ताईंनी दुपारचा डबा उघडला नाही.’ ‘ताई खुर्चीचा हात धरून उठल्या.’ ‘ताई आज चटईवर बसल्या नाहीत, स्टूल मागवलं.’ माझ्या हातचं अक्षर. सगळं बघितलं होतं मी, सगळं लिहून ठेवलं होतं, आणि कळलं काही नाही. ‘दुखतंय’ हे माझं मत झालं असतं ना! ते खोडायचं असतं ना!

तुमच्या पुतण्याचा अमरावतीहून फोन आला. चांगलं बोलला. ‘सामान कुणाला तरी देऊन टाका आणि महिनाअखेर खोलीची चावी मालकाला द्या,’ म्हणाला. मी बघते म्हटलं. रविवारी सकाळी चेतनाला घेऊन आवराआवर करायला उतरले. ती येतच नव्हती, ओढूनच आणली. मोठ्या पेटीच्या तळाशी एक काळी गुंडाळी सापडली. कापड मी ओळखलं. दोन वर्षांमागं तुम्हीच चेतनाच्या पप्पांना सांगितलं होतं, रंग नीट न बसलेलं काळं कापड मिळालं तर आणा, लांबच लांब पाहिजे. मी चेष्टा केली होती, कोणाच्या तेराव्याचे पडदे शिवताय? तेराव्याचे! काय काय बोलून जातो आपण.

उलगडायला लागलो तर संपेना. तुकड्याला तुकडा जोडून हातानं शिवलेलं, काठ दुमडलेले, टाके अगदी एकसारखे. शेवटी एक चिठ्ठी टाचलेली, तुमच्या ठसठशीत अक्षरात. ‘मोठ्यांचा वर्ग. पृथ्वीचं वय. मुलांसमोर सावकाश उलगडायचं, बोलायचं नाही. सगळ्यात शेवटी बोटभर लाल. तो माणूस.’ आणि तो लाल तुकडा अर्धाच शिवलेला. सुई तशीच त्यात खोचून ठेवलेली, दोऱ्यासकट.

म्हणजे तुम्ही नुसतं बोलत नव्हतात. शिवत होतात. मी वर जाऊन चेतनाच्या वहीवर कव्हर घालत होते तेव्हा तुम्ही खाली बसून पृथ्वीचं वय शिवत होतात, स्वतःच्या पोटात ते दुखणं घेऊन, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत!

का सांगितलं नाहीत तेही मला माहीत आहे. आता लिहूनच टाकते, तुमच्याशिवाय कोणाला सांगणार. चेतना सातची असताना तुम्ही मला म्हणाला होतात, ‘लहानांचा वर्ग तू एकटी सांभाळ. मी वरच्या मुलांचा सुरू करते. तुला येतंय सगळं.’ मी घाबरले. बारावी पास बाई मी, एकटीनं कसं सांभाळू? मी म्हणाले होते, ‘पुढच्या वर्षी बघू, ताई.’ ज्या ‘पुढच्या वर्षी’मुळं सगळं अडलं ते माझं होतं. तुम्ही नंतर तेच म्हणत राहिलात आणि मी ते तुमच्या नावावर घालून पाच-सहा वर्षं तुमच्याशी भांडले. एकदाही तुम्ही मला आठवण करून दिली नाहीत. द्यायला पाहिजे होती. तोंडावर सांगायला पाहिजे होतं, रेखा, तुझ्यामुळं अडलंय. मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग तयार झाले असते. तुम्हाला मुलं कळत होती, ताई. माझ्यासारखी बाई नाही कळली.

चेतना त्या कापडाकडे बघत होती. ‘हे किती लांब आहे?’ मी म्हटलं, मला काय माहीत. तिनं गुंडाळी उचलली आणि जिन्यानं वर गेली. आमच्या मजल्यावर लांब गॅलरी आहे, तिथं दारापासून उलगडत निघाली. जिन्याच्या तोंडावरून, मंगलवहिनीच्या दारावरून, पार टोकाच्या भिंतीपर्यंत. तिथून वळवून परत. मी मागं मागं. ‘हे सगळं काळं म्हणजे काय?’ मी म्हटलं, ‘माणूस नव्हता तेव्हाचं.’ ‘एवढं?’ ‘एवढं.’ ती चालत चालत शेवटपर्यंत गेली, लाल तुकड्यापाशी उकिडवी बसली. मग म्हणाली, ‘बोटभर म्हणजे कुणाचं बोट? ताईबेनचं की माझं? माझं बारीक आहे.’

किती वर्षांनी तिनं काहीतरी विचारलं होतं. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. बोलायचं नाही, असं चिठ्ठीत लिहिलं होतं तुम्ही.

तिनं स्वतःचं बोट लावून बघितलं, तुकडा थोडा दुमडला, सुई काढली आणि जिथं तुमचा टाका थांबला होता तिथून पुढं शिवायला लागली. जीभ बाहेर, श्वास रोखलेला. तेच तोंड, नऊ वर्षांपूर्वीचं. वाकडा टाका आला, उसवला, परत घातला. आत खिचडी गार होत होती. मी हाक मारायला दारापर्यंत गेले आणि दाराची कडी धरून तशीच उभी राहिले.

तेवढ्यात मंगलवहिनी भाजीची पिशवी घेऊन वर आली. पायापुढं काळं कापड, सगळी गॅलरी अडलेली. पदर खोचून ओरडली, ‘काय वं रेखा, कसाना खेळ मांडा आठे?’

मी म्हणाले, ‘खेळ नही वहिनी. पोर काम करी ऱ्हायनी. वलांडू नको, बाजूनं जाय.’

आणि ती गेली हो, ताई. पिशवी पोटाशी धरून, भिंतीला पाठ लावून, एकेक पाऊल टाकत कडेनं गेली. चेतनानं वर बघितलंसुद्धा नाही. चावी मी मालकाला देणार नाही, पुतण्याला तसं कळवलंय. लहानांच्या वर्गात उद्या मुलं येतील. मोठ्यांचं काय होईल मला माहीत नाही, आणि चेतना परत शाळेत जाईल की नाही तेही नाही. पण नऊ वर्षं तुम्ही माझ्या तोंडून तो एक शब्द ऐकायला टपून बसला होतात, आणि मी तो म्हटला तेव्हा तुम्ही नव्हतात. अख्ख्या बिल्डिंगला थांब ना बाप्पा, थांब ना बाप्पा करत फिरायचात. दोन आठवडे तुम्हाला थांबायला काय झालं होतं?